बर्फातल्या रस्त्यावर तुमची गाडी कशी वागली?

धागाकर्ती, सिंहगड रोड
जानेवारीत मनाली आणि पलीकडे लाहौलातल्या सिस्सूचं घाटतंय, पुण्यापासून स्वतःच्या गाडीने. घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, आपली साधी पेट्रोल हॅचबॅक पुरे. भावोजींचं म्हणणं, फोर बाय फोर (इंजिनची ताकद चारही चाकांना) नसेल तर मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे जायचं नावही काढू नका. ज्यांनी बर्फात स्वतः स्टिअरिंग धरलंय त्यांनीच लिहा. मित्राच्या मेव्हण्याचे अनुभव नकोत. रील पाहून आलेल्यांनी कृपया वाचनमात्र राहावं.

घाटवेडा, कर्वेनगर
२०२० मध्ये अटल बोगदा झाला आणि लाहौलात जायला रोहतांग चढावा लागेनासा झाला. बोगद्याच्या आतल्या ९ किलोमीटरची काळजी नाही, खरी परीक्षा दोन्ही तोंडांशी. ताजा बर्फ तसा बरा, टायर त्यात रुतून थोडी पकड मिळते. वाईट तो दुसऱ्या दिवशीचा, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला. डांबरावर इतका पातळ बसतो की रस्ता नुसता ओला वाटतो. डोंगराच्या सावलीतली वळणं हमखास अशी असतात, तेव्हा उन्हात असतानाच वेग उतरवायचा.

तिकडच्या अल्टो पुढच्या चाकांना चेन (टायरभोवती बसवायच्या साखळ्या) लावून निवांत चढतात. कारण साधं आहे: इंजिनचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच, शिवाय टायर अरुंद, त्यामुळे ते बर्फ कापत खालपर्यंत टेकतात. मी चालवत होतो ती भाड्याची मोठी गाडी, मागच्या चाकांवर चालणारी. मागे वजन नाही म्हणून चढाला शेपूट हलवायला लागली. टपावरच्या सगळ्या बॅगा उतरवून मागे रचल्या, तेव्हा कुठे चढली. आणि ताई, बर्फ जोरात असेल तर पोलीस फोर बाय फोर किंवा चेनवाल्यांनाच पुढे सोडतात. वाद तिथे आपोआप मिटेल.

टायरपंथी, पिंपळे सौदागर
चाकणच्या नोकरीमुळे काही हिवाळे स्टुटगार्टला काढले. माझ्या मते तुमच्या घरातला वाद चुकीच्या वस्तूवर चाललाय. गाडी राहू द्या, टायर बघा.

साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊच राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक-बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा टायर बदलण्याचा घरगुती नियम. कायदा तारीख सांगत नाही, पण रस्त्यावर बर्फ असेल तर योग्य टायर हवेतच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरं व हिमकण ही खूण असलेलेच चालतात.

आमच्या घरासमोर उतार होता, खाली चौक. माझी पुढच्या चाकांवरची छोटी गाडी हिवाळी टायरवर तिथे गुमान थांबायची. शेजाऱ्यांची ऑल व्हील ड्राइव्ह, टायर उन्हाळी. एका सकाळी ती ब्रेक दाबलेल्या अवस्थेत, अगदी सावकाश, चौक ओलांडून पलीकडच्या कुंपणाला टेकली. चारही चाकांना ताकद मिळते ती निघताना. थांबायला सगळ्याच गाड्यांना ब्रेक चार चाकांना असतात!

आपल्याकडे असे टायर सहज मिळत नाहीत. निदान ४ मिलिमीटरच्या वर नक्षी शिल्लक असलेले घालून निघा.

लो_रेंज, औंध
टायरपंथींशी निम्मा सहमत. हिवाळ्यात किन्नौरच्या बाजूने स्पिती केलंय, जिम्नीने आणि मित्राच्या गुरखाने, दोन्ही फोर बाय फोर. फोर बाय फोरची खरी मजा चढात नाही, उतारात आहे. फोर लो (चारही चाकं जोडलेली, गिअर जास्त ताकदीचे आणि संथ), पहिला गिअर, दोन्ही पाय मोकळे. इंजिनच चारही चाकांना सारखं धरून गाडी उतरवतं आणि ब्रेकला हात, आपलं, पाय लावावा लागत नाही. गुरखाचे डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरायला लावणारे) तर एक चाक हवेत असतानाही गाडी बाहेर काढतात (कंपनी आकुर्डीची, थोडा अभिमान चालवून घ्या). मात्र अशा गाड्यांत कोरडा रस्ता लागला की टू व्हील ड्राइव्हवर या. नाहीतर वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि भार गिअरपेट्यांवर येतो.

सदाशिव_बाहेर
पुणे ते मनाली सुमारे २००० किलोमीटर गाडी हाकायची, आणि शेवटच्या पन्नासाला ती चालेल का हे इथे विचारायचं. चंदीगडपर्यंत विमान, पुढे तिथला ड्रायव्हर. माझा अनुभव उत्तम आहे, मागच्या सीटवरून.

डिझेलवाली, वारजे
लडाखात ऐन थंडीत डिझेल गाडी चालवली आहे. साध्या डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो, सकाळी गाडी नुसती कण्हते. २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल निघालंय. टाकी तिथेच भरायची. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर उभे करून झोपा. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणी वाटेतच काढून गोठणविरोधी द्रव भरा. आणि पुण्यात ३३ भरलेली हवा तिकडे २७-२८ दिसली तर पंक्चर शोधत बसू नका, थंडीने दाब उतरतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भावोजींना धागा पाठवला आहे, ते फक्त लो_रेंजचा प्रतिसाद वाचतायत. हॅचबॅकला चेन कुठल्या चाकांना?

घाटवेडा
पुढच्या. ओढणारी चाकं कुठली ते बघून लावायच्या. ४०च्या वर जायचं नाही, डांबर दिसलं की काढायच्या. आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून बसवून बघा, तिकडे तसंच बसवायचंय. वॉचमनकाकांना सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल कोणी चाकं काढतंय.