सी सर्टिफिकेट: ग्रेड आणि हजेरी

'एनसीसीचं सी सर्टिफिकेट असलं की थेट एसएसबी', म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत, असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं. एनसीसी स्पेशल एंट्रीला, म्हणजे कॅडेटांसाठीच्या लष्करी अधिकारी भरतीला, लेखी परीक्षा नसते, पण कॅडेटला सी परीक्षेत किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के लागतात. मुंबईची मुलं अडकतात ती हजेरीत. सी परीक्षेला बसायला 75 टक्के परेड हव्यात, आणि विरार-कल्याणहून भल्या सकाळी येणाऱ्यांचा सेमिस्टरच्या धामधुमीत हमखास खंड पडतो. दर महिन्याला एएनओंकडच्या (कॉलेजातल्या एनसीसी अधिकाऱ्यांकडच्या) रजिस्टरात आपली हजेरी बघून घ्या. कॅम्प तर तिसऱ्या वर्षावर ढकलूच नका. तो राहिला की परीक्षेला बसता येत नाही. अंडर ऑफिसरची, म्हणजे कॅडेटांमधली वरची रँक हुकली म्हणून खट्टू होऊ नका. एसएसबीच्या ग्रुप टास्कमध्ये फळी धरताना तुम्ही इतरांना कसं बरोबर घेता, तेच बघतात.