शब्दचर्चा : 'प्रश्नावली' की 'अनुसूची'?

प्रश्न (विटा)

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी मी ऊसतोड मजुरांकडून माहिती गोळा करणार आहे. छापून घेतलेल्या प्रश्नांच्या माथ्यावर मी 'प्रश्नावली' असे लिहिले होते; मार्गदर्शकांनी ते खोडून 'अनुसूची' केले. अनुसूची म्हटले की मला राज्यघटनेला जोडलेल्या अनुसूच्या आठवतात. प्रश्न दोन्हींत तेच असतील, तर दोन शब्द कशासाठी?

उत्तर (वाई)

मार्गदर्शकांची दुरुस्ती योग्य आहे. लेखणी कोणाच्या हातात आहे, यावर हा भेद ठरतो. प्रश्नावली उत्तरदात्याच्या हाती दिली जाते किंवा टपालाने धाडली जाते आणि ती तो स्वतः वाचून भरतो. म्हणजे त्याला वाचता येते, प्रश्नाचा रोख कोणी न समजावता कळतो आणि कागद परत करण्याइतकी त्याला आस्था आहे, हे सारे आपण धरून चाललेलो असतो. टपालाने धाडलेल्या प्रश्नावल्यांपैकी बऱ्याचशा परत येतच नाहीत, आणि ज्यांनी कागद परत केला नाही त्यांचे म्हणणे इतरांसारखेच असेल असे मानायला काही आधार नसतो. अनुसूची मात्र माहिती घेणारा समोर बसून, विचारून भरतो. २०११ च्या जनगणनेत प्रगणकाने आपल्या दारात उभे राहून जो कागद भरला, ती अनुसूची.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी आमच्या वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची पाहणी केली, ती पुण्याच्या गोखले संस्थेने १९४० मध्ये प्रसिद्ध केली. असल्या विषयात शेतकऱ्याच्या हाती छापील प्रश्न देऊन मोकळे होता येत नाही, कारण बियाण्याचा, बैलांचा आणि घरच्या माणसांच्या राबण्याचा खर्च त्याने वहीत मांडलेला नसतो. तो उलटसुलट विचारूनच काढावा लागतो. राज्यघटनेतील अनुसूची म्हणजे क्रमवार मांडलेली यादी. इथेही मूळ अर्थ तोच आहे, फक्त यादी रकान्यांची आहे.

उत्तर (सांगली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पण पाहण्यांच्या निमित्ताने जत-आटपाडीकडची गावे फिरल्यामुळे एक पुरवणी जोडतो. अनुसूचीची खरी मेख रकान्याच्या मथळ्यात असते. 'कुटुंब' हाच शब्द घ्या. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे सहसा एकत्र राहतात आणि कामाची निकड आड येत नसेल तर एकाच स्वयंपाकघरात जेवतात, ते एक कुटुंब. आपल्याकडची जुनी माणसे मात्र बायकोला 'कुटुंब' म्हणतात आणि भाऊबंदांसह सगळ्या घराला 'खटलं'. शिवाय तिघा भावांच्या चुली वेगळ्या, सातबारा एकत्र आणि रेशनकार्डे दोनच, अशी घरे गावोगाव आहेत. अशा घरात 'कुटुंबात माणसे किती?' असे विचारले, तर येणारे उत्तर चुलीचे, जमिनीचे की कार्डाचे हे कागदावरून कळत नाही. मी तरी 'एका चुलीवर किती जण जेवता?' असेच विचारतो आणि रकान्यात कुटुंबाची संख्या लिहितो.

आपल्या विषयात तर हा घोळ आणखी वाढेल. मुकादमाला मजूर किती असे विचारले, तर तो 'दहा कोयते' म्हणेल. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचलही (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. 'मजूर' या रकान्यात दहा लिहिले, की मोळ्या बांधणाऱ्या आणि त्या डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहणाऱ्या दहा बायका तिथेच गणतीतून गळाल्या. म्हणून माणूस, जोडी की चूल, यांतले मोजायचे काय, हे अनुसूची छापण्याआधी ठरवावे. पुस्तकात याला 'विश्लेषणाचे एकक' म्हणतात.

प्रश्न (विटा)

कोयत्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मग रकाने टाळून सरळ मुलाखतीच घ्याव्यात का? शिवाय तळावरची सगळी माणसे मला गाठता येणार नाहीत.

उत्तर (फलटण)

सगळी गाठण्याची गरज नाही; नमुना घ्यावा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने थोडी निवडावीत. ('नमुना' हा शब्द मजुरांपुढे मात्र काढू नये. तलाठ्याकडचा कागद किंवा तऱ्हेवाईक माणूस, एवढेच दोन अर्थ आपल्या भागात प्रचलित आहेत.) मुकादमाने पुढे केलेल्या माणसांशीच बोलून परतलात, तर तो यादृच्छिक नमुना होत नाही. 'यादृच्छिक' म्हणजे मनाला येईल तसा, असे अनेकांना वाटते. शास्त्रात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. निवड आपल्या किंवा मुकादमाच्या मर्जीवर न सोडता, तळावरच्या सगळ्या खोपींची यादी करून चिठ्ठ्यांनी काढावी, म्हणजे प्रत्येक खोपीला सारखी संधी मिळते.

मुलाखतीत प्रश्नांचा क्रम सैल ठेवता येतो आणि उत्तरातून पुढचा प्रश्न सुचतो. तरीही काही गोष्टी विचारून कळतच नाहीत, तिथे सहभागी निरीक्षणाला, म्हणजे त्या लोकांत स्वतः मिसळून पाहण्याला, पर्याय नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत स्वतः चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत एकत्र अभंग म्हणणारे लोक स्वयंपाक आणि जेवण मात्र जातीप्रमाणे वेगवेगळे करतात, हे त्यांच्या नजरेला आले. 'तुम्ही जातिभेद पाळता का?' असा रकाना असता, तर वारकऱ्यांनी काय उत्तर दिले असते हे सांगायला नको.

उत्तर (वाई)

आपल्या कामापुरते सांगायचे तर माथ्यावर 'मुलाखत अनुसूची' असे लिहावे. ही संज्ञा रूढ आहे आणि आपली पद्धत तीतून अचूक कळते. कोयता हे एकक ठेवावे, पण त्याखाली नवरा आणि बायको असे दोन स्वतंत्र रकाने करावेत आणि बायकोचा रकाना तिलाच विचारून भरावा. मुकादम शेजारी बसला असेल तर उचलीचा प्रश्न त्या वेळी काढू नये. तो सायंकाळी, चुली पेटल्यावर विचारावा.