प्रतिसाद: जुना पीसी भंगारात काढण्याआधी आतला बॅटरीचा सेल बघा

जुन्या पीसीवरच्या वरच्या पोस्टमध्ये ब्लोअरने आतली धूळ काढायचा सल्ला आलाय तो बरोबरच, फक्त फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने तो गरागरा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. पण त्याच पोस्टमधलं 'सात-आठ वर्षं झाली की मशीन बदलूनच टाका' हे काही पटलं नाही. आमच्या अकाउंट्सचा एक पीसी असाच भंगारात निघालेला, रोज सकाळी तारीख मागे गेलेली असायची, त्यामुळे ब्राउझरमध्ये जिथेतिथे सर्टिफिकेटची बोंब (साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत पीसीच्या तारखेशी जुळत नाही), सगळे म्हणाले व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. उघडून बघितलं तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) गोल सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, मल्टिमीटरवर जेमतेम २.४ दाखवत होता. वीज पूर्ण बंद असली की घड्याळ त्या सेलवरच चालतं, आणि आमच्याकडे संध्याकाळी भिंतीवरचं बटणच बंद करून जायची शिस्त, म्हणजे रात्रभर सगळा भार त्याच्यावर. नवीन सेल टाकला, बायोसमध्ये (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्राम) तारीख-वेळ लावली, झालं काम.

हां, सेल काढायच्या आधी बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सेल काढला की ती पुसली जाऊ शकतात, मी नव्हते काढले, मग अर्धा तास बूट ऑर्डरशी (पीसी कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचा तो क्रम) झटत बसलो.