प्लास्टरमधल्या हाताची ताकद मनातल्या सरावाने टिकते का?

तालीमकट्टा:
तालमीतल्या एका पोराचं मनगट मोडलंय. चार आठवडे प्लास्टर, बोटं तेवढी मोकळी. हात न हलवता नुसता मनात जोर लावला तरी ताकद टिकते असं ऐकलं. खरं आहे का? करायचं तर नेमकं कसं?

मनगटमित्र:
टिकते, पण सगळी नाही. ओहायो विद्यापीठाने २०१४ मध्ये निरोगी लोकांची मनगटं चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवून हे तपासलं. काहीच न करणाऱ्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली, मनातला सराव करणाऱ्यांची सुमारे २४ टक्के. मोडलेल्या हाडावरचा प्रयोग नव्हता, तेव्हा नेमक्या याच आकड्यांची आशा धरू नका.

पद्धत अशी: हात टेकवून शांत बसायचं. मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण ताकदीने दाबतोय अशी कल्पना ५ सेकंद, मग ५ सेकंद सैल. असे १३ वेळा, की एक मिनिट विश्रांती. एकूण चार फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस. जेमतेम बारा मिनिटं लागतात.

सरावसूत्र:
बहुतेकांचं चुकतं ते इथे: स्वतःला समोरून पाहिल्यासारखं चित्र रंगवतात. त्याचा उपयोग कमी. आतून जाणवायला हवं: तळहातावरचा दाब, ताणलेली शीर, कोपराखाली भरून येणारा स्नायू. अर्धवट जोराची कल्पनाही नको, दरवेळी जीव तोडून.

दुसरी चूक म्हणजे हात खरंच आवळणं. मोडलेल्या हाडाला ते बाधू शकतं. दुसऱ्या हाताची बोटं कोपराखाली ठेवून बघा, स्नायू कडक लागला तर कल्पनेतला जोर प्रत्यक्षात उतरतोय. श्वासही रोखायचा नाही. आणि झोपायच्या वेळी करू नका, तिसऱ्या फेरीपर्यंत लक्षच राहत नाही.

तालीमकट्टा:
हात बारीक व्हायचा थांबेल का?

मनगटमित्र:
त्याची आशा नको. मांस टिकवायला स्नायूवर खरा ताण पडावा लागतो. पण सुरुवातीला ताकद जाते त्यातला मोठा वाटा मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम क्षीण होण्याचा असतो. सराव वाचवतो तो हुकूम.

सरावसूत्र:
जोडीला चांगल्या हाताचा व्यायाम जरूर चालू ठेवा. डंबेल घेऊन मनगट वळवणं, मूठ आवळणं, सगळं जड वजनाने. एका बाजूच्या सरावाचा थोडा फायदा दुसऱ्या बाजूलाही पोचतो, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. फक्त जोर लावताना प्लास्टरमधला हातही नकळत आवळला जातो, तिकडे लक्ष असू द्या आणि आधी डॉक्टरांना विचारा.

बोटं सुजली, बधिर झाली, निळसर दिसली किंवा दुखणं वाढत गेलं तर सराव बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा, प्लास्टर आवळत असू शकतं. प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टर हाड जुळल्याचं सांगेपर्यंत जोर, दंड, पकड काहीच नाही. तोवर मनातला सराव तसाच चालू ठेवता येतो.