डिस्कव्हरी कोव्ह, ऑर्लँडो: डॉल्फिनबरोबर पोहायचं तिकीट काढावं का?

टँपाकर
नाताळात पुण्याहून बहीण-मेव्हणे मुलांसकट येताहेत. मुलांनी डिस्कव्हरी कोव्हचा, म्हणजे फ्लोरिडात ऑर्लँडोला डॉल्फिनबरोबर पोहायला मिळतं त्या पार्कचा, हट्ट धरलाय. आम्ही दोघं जाऊन आलोय आणि माझं मत, जावंच. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे रांगा नाहीत. नाश्ता, जेवण, स्नॉर्केलचं सामान सगळं तिकिटातच. ग्रँड रीफ नावाच्या तळ्यात पाण्याखाली तोंड घातलं की थेट पोटाखालून भलंमोठं पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, सरकत जातं (शेपटीचा काटा छाटलेला असतो, घाबरू नका). प्रवाळ खोटे, मासे खरे. मग डॉल्फिनपाशी अर्धा तास. कातडी हाताला सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी लागते. बायको मात्र यंदा नको म्हणते. "कैद्याला भेटायचे कसले पैसे देता?" तुम्हाला काय वाटतं?

निशा_ठाणे
वहिनींशी सहमत. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने 2013 सालीच राज्यांना कळवलंय की डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन कोंडून खेळ दाखवायच्या जागेला, परवानगी द्यायची नाही. कॅनडाने 2019 मध्ये बंदीचा कायदा केला, मेक्सिकोने 2025 मध्ये. भारतात ज्याला बंदी, ते व्हिसा लागला की चालतं का?

गजालीकर
मी मालवणचा. सीझनमध्ये वायच येऊन बघा. एक पाठ पाण्यावर दिसली की चारी बाजूंनी होड्या सुटतात, इंजिनं फुल, वर पर्यटकांच्या शिट्ट्या. गोव्यात सिंकेरीला तेच. डॉल्फिन आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण तेव्हा कैद, हक्क कुणाला आठवत नाही. फ्लोरिडाच्या समुद्रात रानटी डॉल्फिनला असं सतावणं हा अमेरिकेच्या 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि आमच्याकडे तोंडवळी-वायंगणीला सरकारचं सी वर्ल्ड नावाचं सागरी उद्यान आणायचं घाटत होतं, तेव्हा गाववाल्यांनी जमिनी द्यायला विरोध केला, तर आम्हालाच विकासाचे शत्रू ठरवलं. म्हणून म्हणतो, ऑर्लँडोवर तोंडसुख घेण्याआधी आपली होडी बघा.

निशा_ठाणे
होड्यांचं पटलं, तेही बंद व्हायला हवं. पण होडी मागे लागली तर डॉल्फिन बुडी मारून लांब निघून जातो. तळ्यातला कुठे जाणार?

पर्सी_डॅलस
जरा व्यवहाराचं बोलू. अमेरिकेतल्या पार्कांमधले बहुतेक डॉल्फिन आता तिथेच जन्मलेले आहेत. समुद्रात नेऊन सोडले तर मासे पकडायला कोण शिकवणार? उद्या तिकिटं बंद झाली तर त्यांचा रोजचा खुराक आणि डॉक्टर कोण बघणार? एखादं पोर तिथे डॉल्फिन बघून सागरी जीवशास्त्राकडे वळलं तर तो फायदा धरायचाच नाही का?

निशा_ठाणे
आहेत त्यांना सांभाळा, नवे जन्माला घालू नका. कोव्ह ज्या अमेरिकन सीवर्ल्ड पार्कचं भावंड आहे, त्याच सीवर्ल्डने 2016 मध्ये ऑर्काचं (किलर व्हेलचं) प्रजनन थांबवलं. मग डॉल्फिनचं काय अडलंय? आणि पोटाला धरून फोटो काढून घ्यायचा, वर त्या फोटोचे वेगळे पैसे मोजायचे, यात जीवशास्त्र कुठे आलं?

सुमनताई
भांडण वाचून मजा आली. अहो टँपाकर, तिथे डॉल्फिनशिवायचं तिकीटही मिळतं, ते स्वस्त पडतं. मला पोहता येत नाही, गुडघेही कुरकुरतात, तरी लाइफ जॅकेट घालून त्या संथ नदीत दिवसभर तरंगत बसले, पक्ष्यांच्या जाळीखालून जाताना एक पोपट खांद्यावर येऊन बसतो की काय असं झालं. आणि मुलं केवढी आहेत? 6 वर्षांखालच्यांना डॉल्फिनच्या पाण्यात घेतच नाहीत, रडारड आधीच आवरून ठेवा.

पर्सी_डॅलस
तिकीट कुठलंही काढा, गल्ला एकच आहे.

निशा_ठाणे
पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. म्हणूनच म्हणते, स्नॉर्केलिंगच करायचं तर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडच्या 'की लार्गो' बेटावर जा. तिथल्या पेनेकँप पार्कमधून बोट नेते, प्रवाळ खरे, मासे कुणी आणून सोडलेले नाहीत.

गजालीकर
डिसेंबरात वारा सुटला की त्या बोटी रद्द होतात, पैसे परत मिळतात पण गाडी हाकलेली फुकट. लहान पोरं असतील तर एवढा लांबचा जुगार खेळू नका.

टँपाकर
धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. धाकटी भाची पाच वर्षांची, तिचा प्रश्न सुमनताईंनी निकालात काढला. बायको की लार्गोवर अडून बसलीय. मेव्हण्यांचा पुण्याहून फोन, "एवढं विमानभाडं घालून यायचं ते पाकट बघायला?" आगाऊ बुकिंगचे दर रोज चढताहेत, तेव्हा मतं जरा लवकर द्या.