ओंटॅरिओ सरोवरावरची जहाजबांधणी (१८१२-१४): शहाणपण की उधळपट्टी? (चौघांची चर्चा)

खाडीकिनारी
अमेरिका-ब्रिटन यांच्या १८१२ च्या युद्धात ओंटॅरिओ सरोवरावर एकही निर्णायक लढाई झाली नाही. किंग्स्टनला ब्रिटिश आरमाराचा प्रमुख सर जेम्स यो, सॅकेट्स हार्बरला अमेरिकन आरमाराचा आयझॅक चॉन्सी. ज्याचं जहाज लहान, तो बंदरात बसून आणखी मोठं बांधायचा. शेवट ब्रिटिशांच्या ‘सेंट लॉरेन्स’वर झाला: तीन मजली, ११२ तोफा, १० सप्टेंबर १८१४ ला पाण्यात. एकाही लढाईत उतरलं नाही. १८३२ मध्ये २५ पौंडांना विकलं गेलं.

माझ्या मते ही उधळपट्टी होती आणि तिची किंमत ईरी सरोवरावरच्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख बार्क्ले याने १८१३ मध्ये हरून मोजली. त्याच्या ‘डेट्रॉइट’ जहाजावर फोर्ट माल्डन या किल्ल्याच्या तटावरून काढलेल्या, वेगवेगळ्या मापांच्या तोफा होत्या. माप वेगळं म्हणजे गोळे वेगळे, भरायची दारू वेगळी, गडबडीत चूक ठरलेली. बत्ती देण्याचं साहित्य इतकं वाईट, की तोफेच्या कानाशी पिस्तूल झाडून ती पेटवावी लागे. मुरलेले नौदल खलाशी मोजके, बाकी ४१ व्या पलटणीचे शिपाई आणि स्थानिक नावाडी. खलाशी आणि सामान किंग्स्टनला अडकलं होतं.

नांगरगडी
अजिबात पटलं नाही. ईरीसाठी यॉर्कला (आजचं टोरांटो) साठवलेलं बरंचसं सामान अमेरिकनांच्या २७ एप्रिल १८१३ च्या हल्ल्यात गेलं. यो किंग्स्टनला पोचला मे महिन्याच्या मध्यात. हे त्याच्या खात्यावर कसं टाकता?

दुसरं, नकाशा बघा. माँट्रियलहून निघालेली प्रत्येक तोफ सपाट तळाच्या होड्यांतून सेंट लॉरेन्स नदीच्या खळाळांवरून वर ओढायची, मग ओंटॅरिओ पार करायचं, मग नायगारा धबधब्याला वळसा घालून गाड्यांवरून न्यायची, तेव्हा ती ईरीला लागणार. ओंटॅरिओ गेलं की ईरी आपोआप गेलं. उलटं होत नाही: सप्टेंबर १८१३ मध्ये ईरी गेलं, तरी किंग्स्टन आणि नायगाराची फळी टिकलीच. लढाईत उतरलं नाही म्हणून ‘सेंट लॉरेन्स’ला वाया गेलेलं म्हणू नका. ऑक्टोबर १८१४ मध्ये ते बाहेर पडलं तेव्हा चॉन्सी बंदरातून हललाच नाही आणि नायगाराच्या फौजेला रसद पोचली.

तोफखाना
ईरीबद्दल दोघेही एक गोष्ट सोडताय. ईरीवरचा अमेरिकन प्रमुख पेरी याच्या दोन ब्रिग (दोन डोलकाठ्यांची जहाजं), ‘लॉरेन्स’ आणि ‘नायगारा’, प्रेस्क आयलच्या खाडीत अडकल्या होत्या. तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर पाणी पाच फुटांच्या आसपास, ब्रिगला लागायचं सुमारे नऊ फूट. आधी ‘लॉरेन्स’च्या तोफा उतरवल्या. दोन्ही अंगांना लाकडी पेट्या पाण्याने भरून बुडवल्या, तोफांच्या झरोक्यांतून आडव्या तुळया घालून त्या पेट्यांवर टेकवल्या, मग पंपाने पेट्या रिकाम्या केल्या. पेट्या वर येतात, जहाज उचललं जातं. पहिल्या खेपेला उचल कमी पडली. पेट्या पुन्हा बुडवून, तुळया नव्याने बसवून सगळं परत करावं लागलं. त्या वेळी बिनतोफांची ब्रिग हे आयतं सावज होतं, आणि बार्क्ले नेमका काही दिवस नाकेबंदी सोडून गेलेला. त्यात किंग्स्टनचा काय दोष?

लढाईतही (१० सप्टेंबर १८१३) वारा मंद होता. ‘लॉरेन्स’वर अठरा ३२ पौंडी कॅरोनेड: नळी आखूड, जवळून भयंकर, लांबून निरुपयोगी. जवळ जाईपर्यंत ‘डेट्रॉइट’च्या लांब नळीच्या तोफांनी तिची चाळण केली, २२ ठार, ६१ जखमी. म्हणजे तटावरच्या त्या विजोड तोफा तितक्याही टाकाऊ नव्हत्या.

सागवान
जहाजांच्या बनावटीकडे बघितलं तर ‘उधळपट्टी’ हा शब्द अर्धाच लागू पडतो. सरोवराचं पाणी गोडं, त्यामुळे पिण्याच्या पाण्याची पिंपं नकोत. बंदर जवळ, त्यामुळे महिनोन्‌महिन्यांचा शिधा नको. तळघर उथळ ठेवता येई. लाकूड मात्र ओलं, नुकतं तोडलेलं. शॅम्प्लेन सरोवरावरची अमेरिकन ‘ईगल’ १९ दिवसांत उभी राहिली ती अशीच. अशी जहाजं काही वर्षांत कुजतात, पण ती एका-दोन मोसमांसाठीच होती. त्याच युद्धाच्या काळात ओकच्या टंचाईमुळे ब्रिटिश फ्रिगेट (मध्यम आकाराचं वेगवान लढाऊ जहाज) ‘ट्रिंकोमाली’ मुंबईत बांधायचं ठरलं. तिचे नकाशे ‘जावा’ जहाजावर होते आणि ते जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडून जाळलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ती फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

खरा धोका मालवाहू स्कूनरांवर (लहान शिडाच्या जहाजांवर) तोफा चढवण्यात होता. तोफांचं वजन डेकवर, म्हणजे जहाज वरजड. ८ ऑगस्ट १८१३ च्या पहाटे वावटळीत चॉन्सीच्या ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ कलंडून बुडाल्या, पन्नासावर माणसं गेली. चॉन्सीने मुद्दाम बांधलेली लढाऊ जहाजं मागितली यात गैर काय?

खाडीकिनारी
मागण्यात गैर नाही, थांबण्यात आहे. जुलै १८१४ मध्ये अमेरिकन जनरल ब्राउन नायगारा ओलांडून पलीकडे गेला आणि चॉन्सीच्या आरमाराची वाट बघत बसला. ते निघालं ऑगस्टच्या सुरुवातीला. २५ जुलैची लंडीज लेनची लढाई तोवर होऊन गेली होती. कशासाठी हा उशीर? चॉन्सीची नवी जहाजं सजत होती, त्यांतली एक ‘सुपीरियर’. तिचा नांगराचा प्रचंड दोर बिग सँडी क्रीकपासून सुमारे २० मैल माणसांनी ओळीने खांद्यावरून वाहिला. इतकी मेहनत, आणि गरजेच्या वेळी जहाज बंदरात.

नांगरगडी
आणि घाई केली की काय होतं तेही बघा. शॅम्प्लेनवर ब्रिटिश ‘कॉन्फिअन्स’ २५ ऑगस्टला पाण्यात आणि ११ सप्टेंबर १८१४ ला लढाईत. सुतार अजून जहाजावरच. तिथला अमेरिकन प्रमुख मॅकडोना याने प्लॅट्सबर्गच्या उपसागरात आपलं जहाज ‘साराटोगा’ नांगरताना जादा नांगर आणि दोर आधीच टाकून ठेवले होते. एका बाजूच्या तोफा बंद पडल्यावर त्याने दोर ओढून जहाज जागच्या जागी फिरवलं आणि ताजी बाजू समोर आणली. ‘कॉन्फिअन्स’ने तेच करून पाहिलं, ती अर्ध्यात अडकली आणि तिने निशाण उतरवलं. ब्रिटिश सेनापती प्रिव्होस्टची दहा हजारांवर फौज परत फिरली. योने ओंटॅरिओवर हा जुगार खेळला नाही, हेच बरोबर.

खाडीकिनारी
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. १८१४ च्या उन्हाळ्यात तोफा, दोर, कारागीर यांवर पहिला हक्क ‘सेंट लॉरेन्स’चा होता, म्हणून ‘कॉन्फिअन्स’ उशिरा तयार झाली. वर सप्टेंबरच्या तोंडावर तिथला प्रमुख बदलून डाउनीला पाठवलं. अनोळखी खलाशी, अपुरं जहाज, आणि फौजेकडून घाईचा तगादा. शॅम्प्लेनही योच्याच हुकमतीत होतं. प्रमुख त्यानेच बदलला आणि तोफा-कारागिरांची वाटणीही त्याचीच.