कुठला ड्रेस कधी घालता? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनो, अनुभव लिहा

मैत्रिणींनो, दुकानात गेलं की ए-लाईन, रॅप, शर्ट ड्रेस, एम्पायर, बॉडीकॉन अशी नावांची रांग लागते आणि नेमका कुठला कधी घालायचा ते कोणीच सांगत नाही. अमुक शरीराला तमुक ड्रेस हे मासिकातलं गणित मला नकोय. तुम्ही कशाने प्रवास करता, दिवसभर काय करता आणि त्यात कुठला ड्रेस टिकला ते लिहा.

सुरुवात मी करते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला जाते, त्यासाठी ए-लाईनच. खांद्यात फिट आणि खाली हळूहळू पसरत जाणारा घेर, ख्रिश्चन डिऑरने 1955 साली हे नाव रूढ केलं. लांबी गुडघ्याच्या थोडी खाली ठेवते म्हणजे जिना चढताना हात मोकळे राहतात आणि तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं बसलं तरी वर सरकत नाही.

----

मी ऑफिसला शर्ट ड्रेस घालते. कॉलर असल्यामुळे मीटिंगला वेगळं काही लागत नाही. फक्त छातीवर दोन बटणांच्या मधे फट पडते, तिथे आतून चाप बटण लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे आणि दिवसभर सारखं खाली बघायला लागत नाही.

----

बाळंतपणानंतर मला रॅप ड्रेसने (पुढून एकावर एक घेऊन कंबरेला बांधायचा तो) सांभाळलं असं म्हणेन, अगदी मनापासून. पोट कमी-जास्त होत होतं, जुनं काहीच बसेना, आणि हा बांधायचा असल्यामुळे दर महिन्याला आपोआप मापात, शिवाय बाळाला पाजायला सोपा. डायान फॉन फुर्स्टेनबर्गने 1974 मधे तो बाजारात आणला तेव्हा नोकरीवाल्या बायकांनी उचलून धरला होता, का ते कळतं. पण पाम बीच रोडच्या बाजूला खाडीचा वारा असतो, तिथे आत स्लिप हवीच.

----

नेरूळला घरून शिवणकाम करते म्हणून थोडं कापडाबद्दल, कारण सगळ्या जणी फॅशन बघतात आणि कापड शेवटी. रेयॉन अंगावर सुंदर पडतं पण आटतं, त्यामुळे शिवायच्या आधी भिजवून वाळवून घ्यायचंच, आणि ओलं असताना ते कमजोर होतं म्हणून पिळायचं नाही. उरेब, म्हणजे तिरका कापलेला घेर शिवला की एक रात्र तसाच टांगून ठेवायचा, तो ओघळतो, मग खालची पट्टी दुमडायची, नाहीतर आठवड्याने एक बाजू लोंबायला लागते. कॉटनला अस्तर मलमलचं द्या, सिंथेटिक अस्तर इथल्या दमट हवेत चिकटतं. आणि टेलरला सांगून बाजूला माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवून घ्या, एक-दीड इंच तरी, रेडीमेडमधे ती जवळजवळ नसतेच आणि मग अंग जरा भरलं की ड्रेस कपाटात पडतो. खिसा मागायला लाजू नका!

----

मॅक्सी पावसाळ्यात अजिबात नको गं. ठाणे स्टेशनबाहेर पाणी साचलं की घेर पिंढरीपर्यंत भिजतो आणि ऑफिसात एसीत बसायचं. जून ते सप्टेंबर जॉर्जेट किंवा क्रेप, गडद रंग, गुडघ्यापर्यंत. मॅक्सी हिवाळ्यात संध्याकाळी तलावपाळीला, तेव्हा छान.

----

मला थोडं वेगळं वाटतं, बारीक कॉटनची घोट्याच्या वर असलेली मॅक्सी पावसात पण चालते. बाकी काळ्या ड्रेसबद्दल कोणी लिहिलं नाही? शनेलचा साधा काळा ड्रेस 1926 मधे व्होगमधे आला तेव्हापासून पार्टीला तो हमखास. आपल्याकडे लग्नात काळा घातला की मोठी माणसं अजून नाक मुरडतात, पण संक्रांतीला काळ्याचाच मान. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला मी साधा काळा शिफ्ट ड्रेस, म्हणजे कंबरेत न आवळणारा सरळ ड्रेस, घातला, वर हलव्याचा हार. सासूबाईंनी स्वतः हार नीट केला.

----

पाडव्याच्या शोभायात्रेला मात्र नऊवारीच. बाईक चालवणार असाल तर शिवलेली घ्या, ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरापासून चालत फिरणार असाल तर नेसलेलीच खरी, तिची शान वेगळी.

----

एक कोणी बोलत नाही ते, कोणाकडे भेटायला जायचं दुःखाच्या प्रसंगी तेव्हासाठी फिक्या रंगाचा साधा कॉटन कुर्ता इस्त्री करून ठेवा. त्या वेळी शोधायची मनःस्थिती नसते.

----

मी साठीच्या पुढची आहे, वाशीला राहते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सलवारीत पाय घालणं जमेना, साडीचं तर विचारूच नका. मुलीने समोरून बटणांचा, छातीखाली चुण्या असलेला लांब कॉटनचा ड्रेस शिवून दिला, ती त्याला एम्पायर म्हणते. कंबरेला काहीच आवळत नाही, बसल्या बसल्या घालता येतो. त्यातच बँकेत जाते, बागेत जाते. या वयात ड्रेस कसा घालायचा असं वाटणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांनी एकदा शिवून बघाच.

----

ताई, माप कसं दिलंत? आईसाठी हवाय.

----

अगं, तिचा नीट बसणारा जुना कुर्ता दे टेलरला, आणि मुंढा (बाहीचा खांद्याजवळचा घेर) अर्धा इंच जास्त सांग, हात वर करताना काचत नाही. बटणं मोठी घे, छोटी बटणं तिच्या बोटांना जड जातील.